संगणकात गाव वसवलंय, पण गाईड म्हणतात हा व्हिडिओ गेम आहे

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय बोअर. परभणी जिल्ह्यात सेलूच्या पुढं एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी माणसं सांगतात की पूर्वी दीडशे फुटांवर पाणी लागायचं. आता लोक सहाशेच्या खाली जातात आणि बऱ्याचदा नुसता फुफाटा निघतो. सगळेच खोल गेले की सगळ्यांचंच पाणी जातं, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. तरी दर उन्हाळ्यात बोअरची गाडी येतेच. माझा अभ्यास त्या 'तरी'चा आहे.

पहिली दोन वर्षं प्रश्नावली घेऊन हिंडले. "बोअर का घेतला?" "पाणी नव्हतं म्हणून." घरामागून घर, उत्तर तेच. बरोबरच आहे त्यांचं, पण त्यातून गावाचं काय झालं ते कळत नाही.

मग एका कार्यशाळेत एजंट-बेस्ड मॉडेलिंग पाहिलं. थोडक्यात सांगते. संगणकाच्या पडद्यावर शंभर घरं बसवायची, हेच 'एजंट'. प्रत्येकाला थोडी जमीन, थोडे पैसे, एक बोअर. जमिनीखाली पाण्याचा साठा, पावसानं भरणारा आणि उपशानं उतरणारा. प्रत्येक घराला दोन-चार साधे नियम द्यायचे: दोन हंगाम पाणी कमी पडलं आणि हातात पैसा असला तर खोल जा, वगैरे. मग बटण दाबायचं आणि तीस वर्षं पळवायची. गावाचं पुढं काय होणार हे आपण कुठंच लिहिलेलं नसतं, ते त्या शंभर घरांच्या वागण्यातून वर येतं. मी नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर वापरते. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये काढलेलं, फुकट आहे, माझ्या जुनाट लॅपटॉपवरही चालतं.

गाईडना दाखवलं. पडद्यावर ठिपके निळ्याचे लाल होत गेले. ते म्हणाले, "हे समाजशास्त्र आहे का व्हिडिओ गेम?" पुढच्या महिन्यात समितीपुढं सादरीकरण आहे. कुणी या वाटेनं गेलंय का? समाजशास्त्रात हे चालतं हे पटवायचं कसं, आणि खरंच चालतं का?

निवांत_नांदेडकर | सोमवार, रात्री ११.०५

शंभर एजंट? आमच्या गल्लीत एलआयसीचे तीनच आहेत, तरी दार उघडायची भीती वाटते.

(पहिला मी. वाचतोय.)

कोडगा | सोमवार, रात्री ११.३२

मूळचा लातूरचा, पोटापाण्याला पुण्यात, कोड लिहून जगतो. समाजशास्त्रातलं कळत नाही, पण मॉडेलांशी रोजचा संबंध.

सर्वात आधी गाईडसाहेबांना थॉमस शेलिंग सांगा. अर्थशास्त्राचं नोबेल २००५ मध्ये मिळालं त्या माणसाला, रॉबर्ट ऑमनसोबत. १९७१ च्या लेखात त्यानं दाखवलं ते संगणकाशिवायही करता येतं: बुद्धिबळासारखा पट आणि दोन प्रकारची नाणी. प्रत्येक नाण्याची मागणी अगदी माफक, शेजाऱ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा तरी आपल्यासारखा असावा. नसला तर उठून रिकाम्या घरात जायचं. थोड्या चाली झाल्या की पटावर सरळ दोन वेगळ्या वस्त्या पडतात. नेटलोगोच्या लायब्ररीत हे मॉडेल तयार आहे. मागणी ३० टक्क्यांची ठेवली तर शेवटी सरासरी ७० टक्के शेजारी एकाच रंगाचे होतात. एवढी फारकत कुणालाच नको होती.

समितीला पडद्यावर ठिपके दाखवूच नका. पट आणि नाणी घेऊन जा. खेळ वाटत असेल तर खेळूनच दाखवा.

गावकूस | मंगळवार, सकाळी ७.१५

कोडगा, उदाहरण प्रसिद्ध आहे आणि नेमकं तिथंच माझं डोकं फिरतं.

आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला आहे. ती 'माफक आवडीनिवडी'तून तिथं गेलेली नाही. आजोबांना दुसरीकडं घर बांधू दिलं नसतं, एवढा साधा नियम होता आणि तो मोडला तर काय होतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तुमच्या पटावर हव्या तितक्या वेळा नाणी सरकवा, चित्र आमच्या गावासारखंच दिसेल. मग कुणीतरी म्हणणार, बघा, कुणाचाच दोष नाही, आपोआप घडलं.

चित्र जुळलं म्हणून कारण जुळलं असं होत नाही. दुधनाकाठ, समितीत हे कुणी विचारलं नाही तरी तुम्ही स्वतःला विचारा.

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी ९.५०

गावकूस, हा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावलाय.

माझी समजूत अशी आहे: शेलिंगचं मॉडेल 'एवढंसं कारणही पुरतं' इतकंच दाखवतं. तेच कारण होतं, असं नाही. एकाच चित्राकडं येणाऱ्या वाटा अनेक असतात. त्यातली कुठली खरी हे मॉडेल सांगत नाही, त्यासाठी परत गावात जावं लागतं. माझ्याही बोअरच्या मॉडेलात 'पैसा आणि पाणी' या दोन नियमांवर पाणी खाली जातंच, आलेख अगदी देखणा येतो. पण त्या नियमांनीच गेलं का, हे मला आज सांगता येत नाही.

जुना_सांख्यिक | मंगळवार, दुपारी १.२०

निवृत्त प्राध्यापक, संख्याशास्त्र. तीस वर्षं रिग्रेशन शिकवलं, त्यामुळे माझा कल कुठं आहे ते उघड आहे.

बाई, तुमच्या मॉडेलात फिरवायच्या खुंट्या किती? पावसाचं पुनर्भरण, बोअरचा खर्च, किती हंगाम वाट बघायची, शेजारी किती अंतरापर्यंत धरायचे... मी मोजायला लागलो तर दहाच्या वर जातील. एवढ्या खुंट्या हातात असल्या तर मी तुम्हाला कुठलाही आलेख काढून देतो. तेव्हा 'माझा आलेख गावाशी जुळला' या वाक्याला संख्याशास्त्रात फारशी किंमत नाही. कुठली खुंटी किती फिरवली तर निकाल पालटतो, ते दाखवा. नेटलोगोत त्यासाठी बिहेवियरस्पेस नावाची सोय आहे, नातवानं दाखवली मला. आणि एकदा चालवून निकाल सांगू नका. प्रत्येक मांडणी शंभर वेळा चालवा, निकालांचा पसारा किती ते सांगा.

यावर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८ चं एक उदाहरण मला फार आवडतं. शंभर माणसांचा जमाव. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड उचलतो. दुसरा म्हणतो, एकानं उचलला तर मी. तिसरा म्हणतो दोघांनी उचलला तर. असं शंभरपर्यंत. एकामागून एक सगळे दंगलीत ओढले जातात. आता फक्त दुसऱ्या माणसाला बदला, 'एकानं' ऐवजी 'दोघांनी' उचलला तर मी उचलीन असं त्याला म्हणू द्या. दगड एकच पडतो आणि जमाव घरी जातो. दोन्ही जमावांची सरासरी काढा, फरक नखाएवढा. सरासरी काढून जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही चपराक होती. म्हणून मी तुमच्या पद्धतीच्या विरोधात नाही. फक्त आलेखाच्या प्रेमात पडू नका.

निवांत_नांदेडकर | मंगळवार, दुपारी १.४५

सरांचा प्रतिसाद +१.

अवांतर: या एजंटला मराठी शब्द काय? 'अभिकर्ता' म्हणालात तर मी धागा सोडतोय.

कोडगा | मंगळवार, दुपारी २.१०

नेटलोगोत त्यांना टर्टल म्हणतात, म्हणजे कासवं. खालच्या जमिनीच्या चौकोनांना पॅच, म्हणजे ठिगळं. कासव संगणकाच्या जुन्या लोगो भाषेतून आलं, शाळेत आपण रेघा ओढायचो ती.

निवांत_नांदेडकर | मंगळवार, दुपारी २.१२

सोंगट्या म्हणा. कासवं म्हणालात तर समिती खरंच हाकलून देईल.

मुरूम | मंगळवार, रात्री ८.३०

भूजलातला माणूस आहे, मराठवाड्यातच नोकरी. समाजशास्त्रावर बोलत नाही, पण मॉडेलमधल्या पाण्याबद्दल एक तक्रार.

तुम्ही जमिनीखाली एक टाकी ठेवली आहे असं दिसतंय. सगळ्यांच्या नळ्या त्याच टाकीत. आपल्याकडं तसं नाही. आपला खडक बेसॉल्ट, थरावर थर. वर मुरूम आणि झिजलेला खडक, त्यात पाणी मुरतं. खाली अखंड काळा पाषाण, त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून पाच फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला तीन इंची पाणी आणि दुसरा कोरडा, असं होतं. खोल गेलं की पाणी वाढतं हा समज इथं चालत नाही. खोल गेलं की लॉटरीचं तिकीट महाग होतं, एवढंच. पाणाड्याचा धंदा चालतो तो यामुळंच. नारळ हातावर उभा राहो न राहो, अधूनमधून पाणी लागतंच आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

म्हणजे तुमच्या सोंगटीला 'खोल गेलं तर किती पाणी' हे माहीत नसतं, शेजाऱ्याला लागलं एवढंच माहीत असतं. हे मॉडेलात आलं तर वागणं पार बदलेल. आणि कायद्याचाही एक नियम टाकून बघा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा लिहिलेली आहे, म्हणजे दोनशे फुटांच्या आत. तुमच्याच पोस्टमध्ये लोक सहाशेच्या खाली आहेत. त्यावरून तो नियम सोंगट्या कितपत पाळतील ते ठरवा.

बालाघाट | बुधवार, सकाळी ६.४०

मी शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. आईवडील ऊसतोडीला जायचे. माझी पहिली ते चौथी अर्धी गावात, अर्धी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत झाली.

ताई, तुम्ही 'घर' ही सोंगटी धरली आहे. आमच्याकडं स्थलांतराचं मॉडेल करायचं म्हटलं तर पहिल्याच पायरीला अडाल. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. त्यामुळं पोराचं लग्न दिवाळीच्या आत लावायची घाई होते, कारण लग्न झालं की कोयता पूर्ण होतो. आता यात निर्णय घेणारा कोण? पोरगा? बाप? मुकादम? ज्या पोरीचं लग्न झालं तिला कुणी विचारलं नाही, पण तुमच्या मॉडेलात ती अर्धी सोंगटी आहे.

उचल एकदा घेतली की पुढचे सहा महिने निर्णय असा उरतच नाही. पाऊस बरा झाला तरी जावंच लागतं. 'दुष्काळ पडला की लोक जातात' हा नियम शहरातून बघणाऱ्याला खरा वाटतो. आमच्या वस्तीवर लोक गेल्या वर्षीची उचल फिटली नाही म्हणूनही जातात.

दुधनाकाठ | बुधवार, सकाळी १०.३०

बालाघाट सर, काय लिहू. घर ही सोंगटी मी सोयीसाठी धरली, प्रश्नावली घरावर होती म्हणून. एवढंच कारण.

तुमच्यामुळं एक जुना अभ्यास आठवला. अमेरिकेत ॲरिझोनात लाँग हाउस व्हॅली नावाचं खोरं आहे. तिथं कित्येक शतकं मका पिकवणारे लोक राहायचे आणि इ.स. १३०० च्या सुमारास खोरं ओस पडलं. दुष्काळामुळं गेले असं बरेच जण धरून चालले होते. ॲक्सटेल, एप्स्टाइन आणि पुरातत्त्वाच्या लोकांनी मिळून ते खोरं संगणकात उभं केलं. झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून जुन्या पावसाचा अंदाज, त्यावरून कुठल्या वर्षी कुठल्या रानात किती मका, आणि त्यावर जगणारी कुटुंबं. निकाल २००२ मध्ये छापला. मॉडेलातली लोकसंख्या खऱ्यासारखीच वाढली आणि खऱ्यासारखीच घसरली, पण शेवटी शून्यावर आली नाही. थोडी कुटुंबं त्या खोऱ्यात तगू शकत होती. खरी माणसं मात्र सगळीच्या सगळी निघून गेली. म्हणजे दुष्काळानं अर्धीच गोष्ट सांगितली, उरलेली काही वेगळी होती.

मला ही पद्धत पटली ती यासाठी. मॉडेल जिथं जुळलं नाही तिथंच काहीतरी कळलं.

कोडगा | बुधवार, रात्री ९.१५

कोडबद्दल एक विचारायचं राहिलं. तुमच्या सोंगट्या एकाच वेळी निर्णय घेतात की एकामागून एक? हसू नका, यावर मोठमोठे लोक आपटलेत. १९९२ मध्ये नोवाक आणि मे यांनी पटावर सहकार्य कसं टिकतं ते दाखवलं, सुंदर गालिच्यासारख्या नक्षा उमटल्या, 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी सगळ्यांनी एकाच ठोक्याला चाल करायची अट काढून टाकली, तर नक्षा गायब. त्यांचं म्हणणं, निकाल माणसांच्या वागण्याचा नव्हता, घड्याळाचा होता.

बोअरच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागल्याचं बघून मी घेतो, की दोघं एकाच आठवड्यात घेतो?

आणि मॉडेल नीट लिहून ठेवा. २००६ मध्ये फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी ओडीडी नावाचा साचा काढला: हेतू काय, घटक कुठले, क्रम काय, सुरुवात कुठून, माहिती कुठली. समितीला कागद दिसला की बरं वाटतं.

निवांत_नांदेडकर | बुधवार, रात्री ९.४०

एक अडाणी शंका. हल्ली एआय आहे की. सोंगट्यांना नियम कशाला शिकवायचे? चॅटबॉटलाच सांगा, "तू सेलूचा शेतकरी आहेस, बोअर घेणार का?"

दुधनाकाठ | बुधवार, रात्री १०.०५

करतात तसं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या लोकांनी २५ पात्रांचं एक गाव असंच चालवलं. पात्रं सकाळी उठायची, गप्पा मारायची, पार्टीची आमंत्रणं वाटायची. मीही गंमत म्हणून करून पाहिलं. माझा 'सेलूचा शेतकरी' म्हणाला की तो आधी ठिबक सिंचनाचा विचार करेल आणि तज्ज्ञांचा सल्ला घेईल. गावात हे वाचून दाखवलं तेव्हा लोक पोट धरून हसले.

पारावरचा | गुरुवार, सकाळी ५.५०

लई दिवसापासून वाचायलोय, लिहायला आज धीर आला. शेती करतो. परभणी जिल्हाच. बारावी फेल, मोबाईलवर लिहितो, चूकभूल देणे घेणे.

ताई, तुम्ही विचारताव बोअर कामून घेतला, तर माणूस पाणी नव्हतं असंच सांगणार. दुसरं काय सांगावं. पण कधी घेतला ते विचारा. माझा पहिला बोअर मी ठरवून घेतलाच नाही. शेजारच्या रानात गाडी उभी होती. ही गाडी तमिळनाडूची, रोज येत नसते. दोन ट्रक असतात, एकावर कंप्रेसर. गडी म्हणला, आता हाय तोवर घ्या, फुटामागं कमी लावतो, मागून बोलावलं तर येण्याजाण्याचं भाडं पडंल. रात्री बायकोला विचारलं, सकाळी नारळ फोडला. पाणी माझ्या विहिरीत होतं की तवा! मार्चपर्यंत पुरलं असतं.

आन दुसरं. माझा चुलतभाऊ. वाटणी झाली, विहीर सामाईक राहिली. आठवड्यात चार दिस त्याची पाळी, तीन दिस माझी. लाईट आठ तास, ती बी कधी रात्रीची. त्याच्या पाळीला लाईट गेली की माझ्या पाळीवर भांडण. शेवटी त्यानं बोअर घेतला. पाण्यासाठी नाही घेतला, भांडणाला कटाळून घेतला.

जुना_सांख्यिक | गुरुवार, सकाळी ८.१०

या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. बाई, तुमच्या प्रश्नावलीत 'गाडी शेजारी उभी होती का' हा रकाना होता का? नव्हता. कारण तो सुचण्यासाठी आधी माहीत असावा लागतो.

दुधनाकाठ | गुरुवार, सकाळी ११.००

दादा, मॉडेल मोडलं. आनंदानं सांगतेय.

थोडे दिवस द्या, परत येते. बालीचं एक उदाहरण मात्र आत्ताच टाकून जाते, गाईडना आज हेच सांगितलं आणि पहिल्यांदाच ते गप्प बसून ऐकत होते. इंडोनेशियातल्या बाली बेटावर भातशेतीचं पाणी 'सुबक' नावाचे शेतकऱ्यांचे गट वाटून घेतात, आणि कुणी कधी लावणी करायची ते पाण्याच्या देवळांमध्ये ठरतं. सत्तरच्या दशकात हरितक्रांतीवाल्यांनी सांगितलं, देवळं सोडा, जमेल तितकी पिकं घ्या. सगळे आपापल्या मनानं लावायला लागले आणि उंदीर-तुडतुड्यांनी रानं खाल्ली. कारण शेजारशेजारची शेतं एकाच वेळी पडीक राहिली तरच किडीची उपासमार होते. पण सगळ्यांनी एकाच वेळी लावलं तर पाणी पुरत नाही. स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसंस्थेचे अभ्यासक, या दोघांनी १९९३ मध्ये दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचं मॉडेल छापलं. नियम एकच: शेजाऱ्यांपैकी ज्याचं पीक सर्वांत चांगलं आलं त्याचं वेळापत्रक पुढच्या वर्षी उचला. थोड्याच वर्षांत सुबकांचे जे गट पडले ते देवळांच्या जाळ्याशी बरेचसे मिळतेजुळते होते. वरून कुणी नियोजन न करताही हे जमू शकतं, आणि देवळात नुसती पूजा चालत नव्हती, हे त्यातून दिसलं.

गावकूस | गुरुवार, दुपारी १२.२०

बाली छान आहे. पण त्या पटावर सगळ्या सुबकांचं वजन सारखं आहे. आपल्याकडं कालव्याच्या तोंडाशी कुणाची जमीन असते आणि शेपटाला कुणाची, ते आधी मांडा. बाकी वाट बघतोय.

बालाघाट | गुरुवार, रात्री ९.००

एक सुचवतो. कोड दाखवण्याआधी लोकांसोबत हाच खेळ हातानं खेळा. फ्रान्सच्या ऑलिव्हिए बारतो यांनी सेनेगल नदीच्या खोऱ्यात असं केल्याचं वाचलंय. आधी शेतकऱ्यांना एक खेळ खेळायला लावला, मग संगणक उघडला, म्हणजे मॉडेलच्या पेटीत काय दडलंय ते लोकांना कळलं आणि चुका त्यांनीच दाखवल्या. आमच्या शाळेत चिंचोके भरपूर आहेत, हवे तर पाठवतो.

दुधनाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.३०

आले परत. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

बालाघाट सरांच्या सांगण्यावरून गावातल्या शाळेच्या ओसरीवर खेळ मांडला. मध्ये घमेलं, त्यात ज्वारी, म्हणजे जमिनीखालचं पाणी. प्रत्येकाला वीस चिंचोके, म्हणजे पैसे. दर फेरीला फासा टाकायचा, पडेल तेवढ्या मुठी 'पाऊस' घमेल्यात. बोअर घ्यायचा तर सहा चिंचोके द्यायचे, मग मोठ्या वाटीनं ज्वारी काढता येते. चौदा जण बसले.

पहिल्या दोन फेऱ्या सगळे शहाण्यासारखे वागले. एकमेकांना बजावत होते, "जपून घ्या रे." तिसऱ्या फेरीला फाशावर एकच पडला. एकानं काही न बोलता सहा चिंचोके पुढं सरकवले. ओसरीवर शांतता. पुढच्या दोन फेऱ्यांत नऊ बोअर झाले. सर, तुमचा ग्रॅनोव्हेटर डोळ्यांदेखत पाहिला. नंतर त्या पहिल्याला विचारलं तर म्हणाला, "मी नसता घेतला तर ह्यानं घेतला असता," आणि ज्याच्याकडं बोट दाखवलं तो हसत बसला.

बायका मागं खांबाला टेकून बघत होत्या. मी त्यांना खेळायला बोलावलं नव्हतं, ही माझी चूक, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीनं करावी अशी नाहीच. एक मावशी मध्येच म्हणाल्या, "चिंचोके ह्यांच्या हातात कशाला दिले? बोअर हे घेतात, गहाण माझं गंठण पडतं." मग पुढच्या डावात चिंचोके बायकांच्या हातात दिले. पाणी संपायचं ते संपलंच, पण बोअर दोन-तीन फेऱ्या उशिरा झाले, कारण प्रत्येक वेळी आधी मागच्या खांबापाशी वाटाघाट व्हायची. एका डावावरून मी काही सिद्ध करत नाही, सर रागावतील. पण मॉडेलात आता एका घरात दोन सोंगट्या आहेत.

मग पारावरचा दादांचा नियम घातला. गाडी गावात शिरली की आजूबाजूच्या रानांसाठी बोअर स्वस्त, गाडी गेली की महाग. सोंगट्या एकामागून एक चाल करतात, क्रम दरवेळी उलटसुलट, शंभर वेळा चालवून पाहिलं. आधीच्या मॉडेलात बोअर गावभर विखुरलेले आणि वर्षांवर सारखे पसरलेले यायचे. आता झुबके यायला लागले. एका उन्हाळ्यात ओढ्याच्या या बाजूला सात-आठ, मग दोन वर्षं काही नाही, मग दुसऱ्या शिवारात. मुरूम सरांच्या म्हणण्याप्रमाणं टाकी काढून भेगा टाकल्या तेव्हा झुबके आणखी दाट झाले, कारण एकाला पाणी लागलं की भोवतालचे धावतात. माझ्याकडं गावातल्या बोअरची सालं होती, प्रश्नावलीत घेतलेली, कधी नकाशावर टाकली नव्हती. परवा रात्री टाकली. झुबके आहेत.

जुना_सांख्यिक | रविवार, रात्री १०.१५

अभिनंदन, आणि आता थंड पाणी. नियम तुम्ही पारावरून घेतलात, तो पारावरचा माणूस याच जिल्ह्यातला, आणि ताडून पाहिलं तेही याच जिल्ह्यातल्या गावावर. विद्यार्थ्याला पेपर आधी दाखवून परीक्षा घेतल्यासारखं झालं हे. दुसरं गाव आहे का, जिथली सालं तुम्ही अजून पाहिलेली नाहीत?

दुधनाकाठ | रविवार, रात्री १०.२५

जिंतूर तालुक्यातलं एक आहे, डोंगराकडचं. वह्या भरलेल्या आहेत, नकाशावर टाकलेल्या नाहीत. सर, शपथेवर सांगते, आधी मॉडेलचा अंदाज कागदावर लिहीन, तारीख घालून तुम्हाला पाठवीन, मगच वह्या उघडीन.

जुना_सांख्यिक | रविवार, रात्री १०.३०

पाकिटात घालून पाठवा. ईमेल नको, मला पाकीट फोडायला आवडतं.

कोडगा | रविवार, रात्री १०.४०

समितीचं काय झालं ते राहिलंच की.

दुधनाकाठ | रविवार, रात्री १०.५५

ठिपके दाखवलेच नाहीत. घमेलं घेऊन गेले. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी स्वतः तिसऱ्या फेरीला बोअर घेतला आणि लगेच म्हणाल्या, "अहो, मी का घेतला?" गाईड अजून म्हणतात की शीर्षकात संगणक हा शब्द नको. तो काढला. प्रकरण राहिलं.

मुरूम | सोमवार, सकाळी ७.२०

फाईल पाठवा, भेगांचं वाटप बघतो. थरांचा उतारही घालायला हवा.

पारावरचा | सोमवार, सकाळी ९.१०

ताई, खेळाचं वाचलं, लई भारी. त्या गावात माझी सोयरीक हाय, मला कळलं व्हतं अगुदरच.

पण एक इचारू का. तुमच्या त्या मॉडेलात एजंट म्हणून घरं हायेत, आता बायका बी आल्या. आमच्या गाडीचा एजंट कुठंय? गाडी आपली आपण येत नसते. तालुक्याला त्याचं दुकान असतं, बोर्ड लावून. कोणाची विहीर आटली, कोणाचं उसाचं बिल निघालं, कोणाच्या घरी वाटणी झाली, समदं त्याला ठाऊक. तोच फोन करतो, तोच म्हणतो आर्धे आता द्या, आर्धे सोयाबीन निघाल्यावर. हप्त्यावर देतो म्हणूनच लोक घ्यायलेत, नाहीतर एवढा नगदी पैसा कोणापाशी हाय? फुटामागं त्याचं कमिशन. जितकं खोल तितकं त्याचं भलं. माझा बोअर चारशेला थांबवायचा व्हता, त्यानं पाचशे सत्तरपर्यंत नेला.

निवांत_नांदेडकर | सोमवार, सकाळी ९.१४

पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. एजंट म्हणजे कोण ते.

दुधनाकाठ | सोमवार, सकाळी ९.३०

दादा, तालुक्याला त्या दुकानात माझ्यासोबत याल का? एकटी गेले तर मला बोअर विकेल तो.

पारावरचा | सोमवार, सकाळी ९.४१

बुधवारी या. बाजार असतो, गर्दीत बोलतो तो.